ब्याऐंशी नावांचा दोर

दोर तुटला तेव्हा मी वॅगनच्या पुढं, रुळांच्या मधोमध उभा होतो आणि शिट्टी माझ्या दातात होती. आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला. ओढणारी माणसं एकावर एक तोंडावर आपटली, तुटलेला शेंडा माझ्या कानाजवळून सपकन मागं गेला आणि वॅगन उताराला लागली. माझ्या टोळीतल्या म्हादबा चौगुलेनं चाकाखाली लाकडी ठोकळा सारला नसता, तर बावीस टनांचा ड्रम घेऊन ती मागच्या वळणावर जाऊन कलंडली असती. ठोकळा मधोमध चिरला, पण गाडी थांबली.

आता मी पहिल्यांदा काय केलं असेल? शिव्या घातल्या. अस्सल वाळवा तालुक्यातल्या. ज्यांना घातल्या त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण सूर सगळ्यांना कळला.

मी हिंदुराव मगदूम. साखर कारखान्यांची यंत्रं उभारणाऱ्या टोळीचा मुकादम. बॉयलर, मिलचे रोलर, चिमणीचे तुकडे, असलं सगळं जड लचांड चेनपुली, पहार आणि माणसांच्या जोरावर जागेवर नेऊन बसवायचं, हा माझा धंदा. वारणेपासून नीरेपर्यंत माझा आवाज ओळखत होते. मी ‘लावा जोर’ म्हणून हाळी दिली की शंभर माणसं ‘हैश्या’ म्हणून एकदम हिसका द्यायची आणि लोखंडाचा डोंगर हलायचा. त्या आवाजाचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली, झांबिया देशातली. दार-ए-सलामच्या बंदरातून निघून टांझानिया ओलांडून झांबियाच्या तांब्याच्या खाणींपर्यंत जाणारा रेल्वेचा आणि हमरस्त्याचा एक लांबलचक मार्ग आहे. तांबं खाली समुद्राकडं जातं, आणि खत, डिझेल, यंत्रं वर येतात. त्या मार्गावर चिसाली नावाचं लहानसं स्टेशन होतं, आणि तिथून नऊ किलोमीटरवर आमची कंपनी नवा साखर कारखाना उभारत होती. मिल बसली होती, चिमणी उभी होती, पावसाळ्यात काम करता यावं म्हणून पत्र्याची शेडही झाली होती. राहिला होता तो फक्त बॉयलरचा ड्रम. बॉयलरमध्ये ज्यात वाफ जमते ती ही भली मोठी लोखंडी टाकी. ती नाही तर वाफ नाही, आणि वाफ नाही तर बाकीचा कारखाना नुसता भंगार.

ड्रम समुद्रावरून आला, रेल्वेनं हजारभर किलोमीटर आला आणि चिसालीत येऊन अडकला. कारण मधल्या लुकोम्बे नदीवरचा रस्त्याचा पूल पंधरा टनांचा. त्यासाठी जी लांब, पुष्कळ चाकांची गाडी आणि क्रेन मागवली होती, तिचा आस तीनशे किलोमीटर अलीकडं मोडला. सोबत आमचे लोखंडी वायररोपही त्याच गाडीत. सहा आठवडे काही येत नाही, असा निरोप आला. आणि सहा आठवड्यांनी तिथं पाऊस लागतो. मग ती काळी जमीन एप्रिलपर्यंत बैलगाडीसुद्धा धरत नाही.

म्हणजे हिशेब सरळ होता. ड्रम आत्ता पोचला तर पावसाळ्यात शेडखाली नळ्या बसवून मे महिन्यात बॉयलर पेटणार. नाही पोचला तर पुढचा अख्खा हंगाम बुडाला. आणि ऊस काही कुणासाठी थांबत नाही. त्याला तुरा येतो, तो आतून पोकळ होतो, आणि मग तो जनावरांपुढं टाकायच्या लायकीचा उरतो.

हा ऊस कुणाचा, तर बाना काब्वेचा आणि तिच्या मागून आलेल्या एक्केचाळीस बायकांचा.

बाना काब्वे म्हणजे काब्वेची आई. त्या मुलखात बाईला मूल झालं की तिला मुलाच्या नावानंच हाक मारतात, आपल्याकडं बाळूची आई म्हणतो तसं. पन्नाशीची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. तिचा नवरा ही रेल्वे बांधली तेव्हापासून रुळांच्या टोळीचा म्होरक्या होता. तो वारला तसं तिनं आमच्या साइटवर चूल मांडली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला ते उब्वाली म्हणतात, आणि सोबत सुक्या मासळीचं कालवण. आम्ही पाचही वाळवेकर दोन महिने तिच्या हातचं जेवत होतो. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून आमचं झकास जमायचं.

कारखान्याची माणसं पहिल्यांदा गावात आली आणि ऊस लावा म्हणाली तेव्हा कुणी तयार नव्हतं. तिथं बायका कसावा लावतात. त्याचे कंद वर्षभर घरच्यांचं पोट भरतात. ते उपटून कुणी कुठला ऊस लावतंय? बाना काब्वेनं आधी स्वतःचा कसावा उपटला, मग घरोघर फिरून बाकीच्यांना तयार केलं. कारखाना चालला नाही तर त्या एक्केचाळीस घरांसमोर तिला उभं राहावं लागणार होतं. हे तिनं मला एकदा ताट वाढताना सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं आणि आणखी कालवण मागितलं.

मार्ग शोधला तो सिमुकोंडा साहेबांनी. हे रेल्वेचे इन्स्पेक्टर, रुळांचं खातं त्यांच्याकडं. ते म्हणाले, लाइन बांधताना दगड आणायला खाणीपर्यंत एक फाटा टाकला होता. अकरा वर्षं त्यावर गाडी गेलेली नाही, पण रूळ जागेवर आहेत, नदीवर लोखंडी पूलही आहे, आणि खाण तुमच्या कारखान्याच्या कुंपणाला लागून. त्यांनी स्वतः चालत जाऊन रुळांची एक-एक पट्टी ठोकून पाहिली. इंजिन सोडायची परवानगी ते देईनात. वॅगन न्या म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर, शनिवारी सूर्य मावळायच्या आत. रविवारी ती वॅगन रिकामी मुख्य लाइनवर हवी होती, तांब्याचा माल थांबला होता.

शुक्रवारी रुळांच्या कडेनं दोन ट्रॅक्टर लावून आम्ही वॅगन नदीपर्यंत आणली. पुढं मात्र ट्रॅक्टर जाईना. पुलावर नुसते स्लीपर, मधून खाली नदी दिसते. पूल संपला की खडक फोडून काढलेली दोनशे मीटरची अरुंद खिंड, तीही चढाची आणि वळणाची. खिंडीच्या पलीकडं कारखान्याचे ट्रॅक्टर उभे. मधला तुकडा माणसांनीच ओढायचा. बाना काब्वेनं माणसं आणली. तिच्या एक्केचाळीस बायका, त्यांचे नवरे, भाऊ, नवऱ्याच्या टोळीतले जुने रेल्वेवाले. एकूण ब्याऐंशी. बंदरावर ड्रम ज्यांनी आवळला होता ते मनिला दोर आम्ही सोडले आणि वॅगनला बांधले.

शनिवारी सकाळी मी त्या ब्याऐंशी जणांना माझ्या पद्धतीनं लावलं. उंच पुढं, बुटके मागं, दोन्ही दोरांवर एक्केचाळीस-एक्केचाळीस. म्हादबाला ठोकळा घेऊन चाकाशी ठेवला आणि बाकीचे माझे तिघे दोरांवर पेरले, म्हणजे हिसका कधी द्यायचा ते बाकीच्यांना कळेल. शिट्टी फुंकली, हाळी दिली. माझ्या तिघांनी हिसका दिला. बाकीच्यांनी दिला, पण मागून, एक श्वास उशिरा. वॅगन पुढं आली, मागं झुकली, परत पुढं आली. मी जास्त ओरडलो. चौथ्या हाळीला दोर गेला.

माणसं उठून बसली. कुणाचे गुडघे सोलले होते, कुणाचा ओठ फुटला होता. मोठं काही नाही, हे नशीब. आमचे इंजिनियर उमराणीकर साहेब धावत आले. तरुण माणूस, हुशार, पण तोंडचं पाणी पळालं होतं.

“मुकादम, हे इथं जमिनीवर झालं म्हणून निभावलं,” ते म्हणाले. “पुलावर असा दोर तुटला तर माणसं नदीत जातील. मी थांबवतोय काम.”

मी म्हणालो, या लोकांना तालच नाही साहेब. मला माझी वाळव्याची पन्नास माणसं द्या, तासाभरात पलीकडं नेतो. आणि मी आणखी बरंच बोललो, ते आता सांगत नाही. लाज वाटते.

तेवढ्यात बाना काब्वे पुढं आली. दोरानं तिच्या हाताची साल कोपरापर्यंत निघाली होती, तिनं त्यावर अंगावरच्या कापडाचं फडकं गुंडाळलं होतं. ती काही ओरडली नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि दोराकडं बोट करून म्हणाली, “मुकादामु, त्या दोरावर तिसऱ्या जागी कोण होतं?”

मुकादम शब्द तिनं माझ्या पोरांकडून उचलला होता आणि स्वतःच्या जिभेवर बसवला होता.

“लाल टोपीवाला,” मी म्हणालो.

“त्याच्या मागं?”

“तो लंबू.”

“त्याच्या मागं?”

ती बाई, जी सारखी हसते, असं काहीतरी माझ्या तोंडावर आलं होतं, पण ते बाहेर पडेना.

“दोन महिने माझ्या चुलीवर जेवताय,” ती म्हणाली. “या माणसांतलं एक नाव सांगा. एकच सांगा.”

मी सिमुकोंडा साहेबांकडं बघितलं, ते खाली रुळांकडं बघत होते. म्हादबाकडं बघितलं, तो दोराचा शेंडा उलगडत बसला होता. ब्याऐंशी माणसांपैकी एकाचंही नाव मला येत नव्हतं. नावाशिवायच काम होत होतं की. गावाकडंही मी टोळीला ‘ए पांढरा शर्ट’, ‘ए टकल्या’ असंच पुकारायचो. त्यात कधी काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

मग सिमुकोंडा साहेबांनीच सांगितलं. ते स्वतः तरुणपणी बाना काब्वेच्या नवऱ्याच्या टोळीत पहार मारायला होते. त्यांच्याकडं ओढण्याची रीत वेगळी. हिसका नाही. म्होरक्या एकेकाचं नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं त्यानं ‘ए मुक्वाई’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘व्हय जी’, आणि अंगाचा भार दोरावर टाकायचा, आणि टाकलेला काढायचा नाही. मग दुसरा, मग तिसरा. असा भार चढत जातो, आणि शेवटच्या नावापर्यंत गाडी आपोआप सुटते. मग गाणं सुरू होतं आणि गाण्याच्या चालीवर पावलं. घरची माणसं, शेजारीपाजारी दोरावर लागूनच उभी राहतात, कारण शेजारच्यानं भार टाकला की आपल्याला सोडवत नाही. मी उंची बघून नवरा-बायको, भाऊ-भाऊ तोडून टाकले होते, आणि वर चाबूक मारल्यासारखी शिट्टी फुंकत होतो. त्यांनी माझं ऐकायचा प्रयत्न केला, हीच त्यांची चूक.

“आणि ती हाळी द्यायचं कोण?” मी विचारलं.

“तिचा नवरा. तो गेल्यावर कुणी नाही,” सिमुकोंडा साहेब म्हणाले. “पण तिला येते. पंधरा वर्षं तिनं टोळीबरोबर राहून ती रोज ऐकलीय.”

उमराणीकर साहेब माझ्याकडं बघत होते. निर्णय त्यांचा होता, पण जीव धोक्यात घालणाऱ्या कामात मुकादम काय म्हणतो यावर सगळं असतं. मी नाही म्हणालो असतो तर काम थांबलं असतं, आणि दोष दोराच्या नावावर गेला असता. माझ्या नावाला धक्का लागला नसता. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. खाली नदीचं पाणी चमकत होतं आणि पलीकडं, खिंडीच्या वर, तिचा ऊस दिसत होता. कमरेइतका झाला होता, हिरवागार.

मी गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्यासमोर धरली. तिनं ती घेतली नाही.

“हे नको,” ती म्हणाली. “माझ्याकडं नावं आहेत.”

म्हादबानं दोर गुंफून जोडला, त्यात तास गेला. तोवर तिनं माणसं पुन्हा लावली. एक घर, मग दुसरं घर. माझे तिघे तिनं दोरावरून काढले आणि ब्रेकच्या दांड्यावर, ठोकळ्यांवर ठेवले. मीही एक ठोकळा उचलला आणि डाव्या चाकाशी जाऊन बसलो. एकतीस वर्षांत मी ठोकळा धरला नव्हता. म्हादबा उजव्या चाकाशी होता. तो माझ्याकडं बघून काही बोलला नाही, आणि न बोलल्याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे.

तिनं पहिलं नाव घेतलं. आवाज माझ्या आवाजाच्या निम्मासुद्धा नव्हता. साधा, घरातून अंगणात हाक मारावी तसा. दोराच्या टोकाकडून उत्तर आलं. दुसरं नाव, दुसरं उत्तर. तिसरं नाव चांडा, आणि लाल टोपी हलली. तो चांडा होता. त्याच्या मागचा लंबू, तो कापेम्ब्वा. सारखी हसणारी बाई, ती बाना न्कांडू. मी ठोकळ्यावर हात ठेवून एकेक नाव ऐकत होतो. दोर हळूहळू ताठ होत गेला, कुरकुरला नाही, धडपडला नाही. सत्तरीच्या पुढं कुठंतरी माझ्या हाताखालचं चाक हललं. मी ठोकळा काढून घेतला आणि चाकाबरोबर चालू लागलो.

गाणं सुरू झालं आणि वॅगन पुलावर चढली.

मी आयुष्यात पुष्कळ जड कामं बघितली, पण तो पूल अजून डोळ्यांसमोर आहे. ब्याऐंशी माणसं स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकत होती, एकाच वेळी, मधल्या फटींतून खाली पाणी वाहत होतं. कुणी खाली बघत नव्हतं. बाना काब्वे कडेच्या फळीवरून दोराबरोबर मागं-पुढं चालत गात होती आणि बाकीचे ओळ उचलत होते. पूल कण्हत होता, पण एका सुरात कण्हत होता. सिमुकोंडा साहेब वॅगनच्या मागं गुडघ्यांवर बसून प्रत्येक गर्डरला कान लावत येत होते. दोन वाजता आम्ही पलीकडच्या काठाला लागलो. उमराणीकर साहेबांनी पाणी वाटलं. मला हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही. दोन्ही आवरलं.

खिंड उरली होती. चढ आणि वळण. अकरा वर्षांची माती रुळांवर ओघळून बसली होती, ती खरवडत खरवडत पुढं जायचं. दर वीस-पंचवीस पावलांना थांबायचं, ठोकळे लावायचे, दम घ्यायचा, परत नावं. माणसं थकत चालली होती. सूर्य खडकाच्या कडेला टेकला तेव्हा तीस मीटर राहिले होते. पलीकडचे ट्रॅक्टर दिसत होते, त्यांचे ड्रायव्हर उभे राहून बघत होते. आणि तिथं, सगळ्यात तीव्र वळणावर, वॅगन रुसली.

बाना काब्वेनं पुन्हा सगळी नावं घ्यायला सुरुवात केली. चांडा. कापेम्ब्वा. बाना न्कांडू. एकेक आवाज येत होता, घोगरा, दमलेला, पण येत होता. साठ झाले. सत्तर झाले. दोर असा ताणला की तारेसारखा झाला. ऐंशी. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी. चाक हललं नाही. मी चाकाकडं बघत होतो, म्हणून मला माहीत आहे, ते जरासुद्धा हललं नाही. कुणी भारही काढला नाही. सगळे तसेच वाकून, डोळे मिटून, दोराला लटकलेले. असं किती वेळ धरणार? एकाचा हात सुटला की सगळ्यांचा सुटणार होता.

आणि तिनं आणखी एक नाव घेतलं.

“बा इंदुलाओ.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. म्हादबानं वर बघितलं आणि म्हणाला, “मुकादम, तुम्हाला म्हणतीय ती.”

बा म्हणजे आदराचं, आपल्याकडचं राव. आणि इंदुलाओ म्हणजे मी. हिंदुराव. त्यांच्या जिभेला ह आणि र जमत नाही. एकतीस वर्षं मी लोकांना हाळी देत होतो आणि एकदाही कुणी मला नावानं बोलावून दोर धरायला सांगितलं नव्हतं. कामावर मी मुकादम, घरी बायकोचा अहो, पोरांचा आबा. हिंदुराव हे नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. आणि हिला ते कुठून कळलं? मागाहून म्हादबा म्हणाला, पहिल्या दिवशी ताटं वाढताना तिनं आम्हा पाचही जणांची नावं विचारून घेतली होती. मी तेव्हा कालवणात मासळी कमी आहे म्हणून तक्रार करत होतो.

मी ठोकळा उमराणीकर साहेबांच्या हातात दिला. इस्तरीच्या पँटसकट ते मातीत गुडघे टेकून बसले. मी पळत पुढं गेलो आणि बाना न्कांडूच्या मागं जी वीतभर जागा होती तिथं दोर धरला.

“ए मुक्वाई,” मी म्हणालो आणि अंगाचा सगळा भार टाकला.

एका माणसाच्या जोरानं ड्रमसकट बेचाळीस टनांची वॅगन सुटत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. जन्म त्यातच गेलाय. पण मी भार टाकला, माझ्या पुढच्या बाईच्या खांद्याला खांदा लागला, ती फसकन हसली, तिच्या पुढचा कापेम्ब्वा हसला, ते हसू पार दोराच्या टोकापर्यंत गेलं, आणि वॅगन निघाली. मागून साहेबांचा आवाज आला, चाक फिरलं म्हणून. मग कुणी थांबलं नाही. त्या तीस मीटरांत मला गाण्याची एक ओळ तोंडपाठ झाली. अर्थ अजून माहीत नाही. खिंडीतून बाहेर पडलो तेव्हा उन्हाचा शेवटचा पट्टा उसाच्या शेंड्यांवर होता. सिमुकोंडा साहेबांनी घड्याळ बघितलं, मग ते खिशात घातलं आणि म्हणाले, सूर्य अजून आहे.

ट्रॅक्टरनी ड्रम कुंपणापर्यंत नेला. बायकांनी त्या लोखंडाभोवती फेर धरला. मी तिथंच रुळावर बसून राहिलो, हाताची सालटं निघाली होती, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. त्याच संध्याकाळी वही काढली आणि तिच्या चुलीपाशी जाऊन बसलो. रोज वीस-वीस नावं, चार संध्याकाळी. कोण कुणाची बायको, कुणाचा भाऊ, सगळं लिहून घेतलं. माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसायची.

मे महिन्यात बॉयलर पेटला. आपल्याकडं हंगाम सुरू होतो तो गव्हाणीची पूजा करून. गव्हाण म्हणजे जिथून ऊस मिलकडं सरकत जातो ती साखळीची खाच. तिथं पहिली मोळी टाकायचा मान मोठ्या माणसाचा असतो. आमचे संचालक मुंबईहून आले होते, तिथले जिल्ह्याचे अधिकारी आले होते. आम्ही नारळ मिळवायला दार-ए-सलामपर्यंत निरोप धाडला होता. संचालकांनी नारळ फोडला आणि उमराणीकर साहेब त्यांच्या कानाशी लागले. काय बोलले कोण जाणे, पण संचालक बाजूला सरकले आणि म्हणाले, मुकादम, पहिली मोळी तुम्ही सांगाल त्यानं टाकायची.

ब्याऐंशी माणसं बाहेर उभी होती, प्रत्येकाच्या हातात एकेक ऊस. मी गव्हाणीच्या कट्ट्यावर चढलो. शिट्टी नव्हती, आणि आवाजही मी चढवला नाही.

“बा चांडा,” मी म्हणालो.

“ए मुक्वाई.” त्यानं ऊस टाकला. लाल टोपी तीच होती.

कापेम्ब्वा. बाना न्कांडू. बा म्वांसा. बाना चिलुफ्या. एकेकजण येत होता, हसत होता, ऊस टाकत होता. ब्याऐंशी नावं झाली आणि वही खिशातच राहिली. शेवटी एकटी बाना काब्वे उरली, डोक्यावर चांगली जाड मोळी घेऊन. सगळे तिच्याकडं बघत होते.

तिचं स्वतःचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आणि ते मी तिला विचारलं नव्हतं. सिमुकोंडा साहेबांना विचारलं होतं. ते आधी जरा थबकले होते. म्हणाले, तिच्या नवऱ्यामागं त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली नाही. मग म्हणाले, पुढं बा लावा, चालेल.

“बा चिलेशे,” मी म्हणालो.

ती जागच्या जागी थांबली. मोळी सावरायला वर गेलेला हात तसाच राहिला. मला वाटलं, मगदूम, घातलास का घोळ.

मग ती मान वर करून, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ए मुक्वाई.”

आणि मोळी गव्हाणीत पडली.